मानसशास्त्राचा पेपर आणि रंभेचा पान्हा

३ एप्रिल, गुरुवार

क्लासच्या त्रिशला मॅडम म्हणाल्या, "दीपाताई, तुमचं डोकं चालतंय, हात चालत नाही. पेपर तीन तासांचा असतो. रोज काहीतरी लिहीत जा. काय वाट्टेल ते लिहा, पण लिहा." म्हणून माझ्या मुलीची, मोनाची, अकरावीतली अर्धी कोरी वही घेतलीय. पुढच्या पानांवर तिचे रसायनशास्त्राचे प्रयोग आहेत, मागून माझं सुरू.

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती भाषेची. आम्ही कोल्हापूरच्या बायका "मी आलो, मी गेलतो" असंच बोलतो. मॅडम स्वतःही तसंच बोलतात. पण म्हणाल्या, "पेपर तपासणारे सर कुठले असतील सांगता येत नाही. लिहिताना 'गेले' लिहा." म्हणून इथंही 'गेले'.

तर मी दीपा साळोखे. शुक्रवार पेठेत घर, घरामागं गोठा, गोठ्यात दोन म्हशी. गौरीची धार हे काढतात, रंभेची मी. सकाळी गोठ्यातच, आणि संध्याकाळी दोघींना गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर न्यायचं. तिथं गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाचा ग्लास हातात द्यायचा. कट्ट्यावर बाईमाणूस बसलेलं पहिल्यांदा लोक वळून बघायचे. आता कोण बघत नाही.

लग्नानंतर इतक्या वर्षांनी बी.ए.ला नाव घातलं, बाहेरून. पहिल्या वर्षाचे बाकी सगळे विषय सुटले, मानसशास्त्र राहिलं. निकाल कळला तेव्हा हे जेवत होते. म्हणाले, "आणि एकदा बस. ह्या खेपंला न्हाय जमलं तर पुस्तकं माळ्यावर टाकायची. कबूल?" मोना समोर होती. मी कबूल म्हणाले.

पेपर वीस मेला.


५ एप्रिल, शनिवार

अभ्यासाला वेळ कुठून काढायचा हा प्रश्न सुटला. धार काढताना हात गुंतलेले असतात, तोंड मोकळं असतं. गव्हाणीवर वीट ठेवून तिला पुस्तक टेकवलं आणि मोठ्यानं वाचायला लागले. "मानसशास्त्र म्हणजे... वर्तनाचा व मानसिक प्रक्रियांचा... शास्त्रशुद्ध अभ्यास." प्रत्येक व्याख्या दोनदा म्हणायची, मग पुढची. कट्ट्यावर पुस्तक नेता येत नाही, तिथं सकाळचं आठवून पुटपुटायचं.

रंभेनं पहिल्यांदा मान वळवून बघितलं. मग रवंथ करायला लागली. हे गौरीच्या कासेजवळून म्हणाले, "काय मंत्र म्हणायलीस?"

मी उत्तर दिलं नाही. अवधान विचलित होतं.


९ एप्रिल, बुधवार

प्रकरण चौथं: अभिजात अभिसंधान. रशियाचे पावलोव्ह. कुत्र्याला खाणं द्यायच्या आधी रोज घंटा वाजवायची. काही दिवसांनी नुसती घंटा वाजली तरी कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं. एवढीच गोष्ट आहे, पण पुस्तकानं ती 'अनभिसंधित उद्दीपक', 'अभिसंधित उद्दीपक' करून अशी गुंडाळलीय की जीभ अडकते. आज दोन्ही वेळच्या धारेला हेच घोकलं.

मॅडम म्हणाल्या, परीक्षेत हमखास विचारतात, "दैनंदिन जीवनातील स्वतःचं उदाहरण द्या." दिवसभर घरात शोधलं. एकही सापडलं नाही. आमच्याकडं कुत्राच नाही.


१२ एप्रिल, शनिवार

ह्यांनी आज गोठ्यात नवीन बल्ब बसवला. बरोबर रंभेच्या गव्हाणीवर. कशाला म्हणून विचारलं तर म्हणाले, "साप-किरडू दिसाय नगं काय?"

एवढ्या वर्षांत साप दिसला नाही. प्रकरण नववं: अकारण भीती. लक्ष ठेवायला हवं.


१७ एप्रिल, गुरुवार

साधक अभिसंधान समजलं! हवं तसं वागलं की लगेच बक्षीस द्यायचं, म्हणजे तेच वागणं वाढतं. ह्याला प्रबलन म्हणतात. हे उदाहरण मात्र घरातच तयार करता येईल.

ह्यांची एक सवय लग्नापासूनची आहे. पायतान दारात कुठंही फेकायचं, एक उंबऱ्यावर, एक तुळशीपाशी. आजपासून पायतान नीट जोडून ठेवलं की लगेच चहा. काही बोलायचं नाही, फक्त कप पुढं करायचा. प्राण्याला प्रयोगाची कल्पना असू नये असं पुस्तकात आहे.


२० एप्रिल, रविवार

प्रयोग पूर्ण यशस्वी. पहिल्या दिवशी एकदा योगायोगानं जोडून ठेवलं, चहा दिला. दुसऱ्या दिवशी तीनदा. आज तर सकाळपासून हे उगीचच बाहेर जातात, परत येतात, पायतान जोडतात आणि पुढच्या सोप्यात बसून माझ्याकडं बघतात. मी लगेच चहा टाकते. दुपारी आलं घालून मागितला, तोही दिला.

संध्याकाळी मोनाला अभिमानानं सांगितलं. ती हसून हसून जमिनीवर बसली. "मम्मी, पप्पांनी तुला चांगलं शिकवलंय."

मी म्हणाले, "त्यांनी काय शिकवलं? नववी नापास आहेत ते."

त्यावर आणखीच हसली. इंजिनिअरिंगच्या मुलांना मानसशास्त्र कळत नाही.


३० एप्रिल, बुधवार

हॉलतिकीट आलं. परीक्षा केंद्र: गारगोटी.

दोनदा वाचलं. फॉर्म भरायला मी उशीर केला, कोल्हापूरच्या जागा भरल्या होत्या. पेपर दोन ते पाच. एसटीनं परत यायला दिवेलागण होणार, म्हणजे संध्याकाळचा कट्टा चुकणार. ह्यांना सांगितलं. हे बराच वेळ हॉलतिकिटावरचा माझा फोटो बघत बसले.

"फोटो लई जुना लावलाईस," एवढंच म्हणाले.


२ मे, शुक्रवार

आज राजारामपुरीत मॅडमच्या क्लासला सराव परीक्षा होती. सकाळी लवकर गेले, म्हणून रंभेची धार ह्यांच्यावर सोपवली. पूर्वी मी माहेरी गेले की हेच काढायचे, कधी अडलं नाही.

परत आले तर दारातच उभे. "म्हशीवर काय केलाईस तू?"

"काय झालं?"

"पान्हा चोरला की तिनं! पेंड घातली, रेडकू लावलं, पाठीवरनं हात फिरवला. एक धार सोडंल तर शपथ. सारखी गव्हाणीकडं बघायली."

मला लगेच कळलं. ह्याला विस्थापन म्हणतात. राग असतो एकावर, निघतो दुसऱ्यावर. माझ्या अभ्यासाचा राग ह्यांच्या हातात उतरलाय, हात कडक झालेत, म्हशीला ते कळतं. त्यांना शांतपणे समजावून सांगितलं. ते म्हणाले, "माझा हात काय कडक न्हाय." आणि हात बघत बसले.

मी जाऊन रंभेच्या कासेला हात लावला, गव्हाणीवरच्या पुस्तकातलं सकाळचं राहिलेलं प्रकरण वाचायला घेतलं. दुसरी व्याख्या संपायच्या आत रंभा पान्हवली. "बघा," मी म्हणाले. स्पर्शातला फरक.

सराव परीक्षेचं लिहायचं राहिलं. वाईट गेली.


४ मे, रविवार

हे आज सकाळीच गारगोटीला गेले. म्हैस बघायला. आम्हाला म्हैस घ्यायची आहे हे मला माहीत नव्हतं.

दुपारी परत आले. म्हैस नाही.

"कशी होती?"

"कोण?"

"म्हैस."

"हां. शिंगं बरी न्हवती." मग हातपाय धुता धुता म्हणाले, "एसटी स्टँडवरनं कॉलेज चालत जवळ हाय. मागच्या गेटनं जायचं न्हाय, ते बंद असतंय. पुढच्या गेटासमोर एकाचा चहा चांगला हाय. बायकांची सोय आत डाव्या अंगाला हाय."

म्हैस बघायला गेलेल्या माणसाला ही माहिती कशाला? निरीक्षण चुकीच्या गोष्टीवर केंद्रित झालं की मूळ काम राहतं. प्रकरण दुसरं, अवधान.


७ मे, बुधवार

काळजीचं आहे. आयपीएल चालू असताना हे टीव्ही बघत नाहीत. आधी टीव्ही बिघडलाय म्हणाले. मोनानं मागं जाऊन बघितलं तर वायर काढून ठेवलेली. तिनं लावली. हे आले आणि परत काढली.

पुस्तकात स्पष्ट लिहिलंय: आवडत्या गोष्टीतला रस जाणे हे नैराश्याचं लक्षण. संध्याकाळी कट्ट्यावरून आलं की सोप्यात नुसते गप बसून असतात. मी आत वाचत असते, बाहेर चिडीचूप. घरात एवढी शांतता कधीच नव्हती. मला तर अभ्यास सोडून हीच चिंता लागलीय.


१० मे, शनिवार

काही लक्षात राहत नाही. सकाळी पाठ केलेल्या संरक्षण यंत्रणा दुपारी भांडी घासेपर्यंत निम्म्या गेल्या. विस्मरणाचं प्रकरण तर सगळ्यात आधी विसरते. स्वयंपाकघरात बसून रडले.

हे पाणी प्यायला आत आले. म्हणाले, "नसंल जमत तर ऱ्हाऊ दे की. कशाला जिवाला घोर?"

माझा तोल गेला. मी म्हणाले, "तुम्हाला तेच पाहिजे. मी नापास व्हावं आणि पुस्तकं माळ्यावर जावीत. पुस्तकात लिहिलंय ह्याला काय म्हणतात. न्यूनगंड! बायको शिकली तर आपण लहान दिसू असं वाटतंय तुम्हाला."

मोना दारात थांबली. हे तांब्या हातात घेऊन उभे होते. तांब्या जाग्यावर ठेवला.

"वाटतंय की," म्हणाले. "त्यात पुस्तकात काय बघायचं?"

आणि गोठ्यात गेले. पायतान घालायचंही राहिलं.


११ मे, रविवार

आज ह्यांनी पायतान कुठंही फेकलं तरी मी चहा दिला. शास्त्राच्या विरुद्ध आहे. असू दे.


१९ मे, सोमवार

उद्या पेपर. पुस्तक घरीच ठेवून जाणार, मॅडम म्हणाल्या ऐनवेळी चाळलं की गोंधळ होतो. नुसती पाण्याची बाटली, पेनं, हॉलतिकीट.

ह्यांना म्हणाले, "उद्या संध्याकाळी रंभेचं काय करायचं? परत पान्हा चोरला तर? गिऱ्हाईक तिष्ठत बसेल. गणपतराव तर रंभेशिवाय दुसऱ्या म्हशीचं दूध पीत नाहीत." गणपतराव म्हणजे आमचे रोजचे गिऱ्हाईक, तालमीतले जुने पैलवान. आवाज असा की म्हशी दचकतात.

"तुझं तू बघ. म्हशीचं मी बघतो," हे म्हणाले.

तेवढ्यावर विश्वास ठेवावा लागणार.


२० मे, मंगळवार

आजचं सगळं लिहून ठेवते, एकही गोष्ट विसरायची नाही.

गारगोटीला वेळेत पोचले. पुढच्या गेटनं गेले. समोरचा चहा खरंच चांगला होता.

पेपर हातात आला तेव्हा अक्षरं हलताना दिसली. मग एक एक प्रश्न ओळखीचा वाटायला लागला. मनातल्या मनात गव्हाणीपाशी बसल्यासारखं केलं आणि व्याख्या आठवत गेल्या. हात दुखला पण थांबला नाही. शेवटचा मोठा प्रश्न: अभिजात अभिसंधान दैनंदिन जीवनातील स्वतःच्या उदाहरणासह स्पष्ट करा. कुत्रा, घंटा, लाळ सगळं लिहिलं. स्वतःच्या उदाहरणाला पेन अडलं. खूप विचार केला. शेवटी चिंच बघून तोंडाला पाणी सुटतं असं लिहिलं. मनाला पटलं नाही.

परतीची एसटी वाटेत रेंगाळली. कोल्हापुरात उतरले तेव्हा दिवे लागले होते. घरी न जाता रिक्षानं थेट कट्टा गाठला. लांबूनच गर्दी दिसली. आमच्या जागेवर माणसांचं कडं, बाहेरच्या बाजूला गाड्या थांबलेल्या. म्हशीनं कुणाला मारलं? ह्यांना काही झालं?

गर्दीत शिरले. पुढं गणपतरावांची पाठ, पलीकडचं दिसेना. मग आवाज आला. ह्यांचा.

"प्रबलन म्हंजे... ज्या उद्दीपकामुळं... परतिसादाची वारंवारता वाढती... तो उद्दीपक."

माझ्या पुस्तकातली ओळ.

"प्रबलन म्हंजे..." परत तेच, दुसऱ्यांदा. आणि मग, "हां. पुढं."

हां, पुढं. हे मी म्हणते. प्रत्येक व्याख्या दोनदा झाली की मी असंच म्हणते, मला स्वतःलाही माहीत नव्हतं.

गणपतरावांना बाजूला सारून बघितलं. हे रंभेखाली बसलेत, गुडघ्यात चरवी, आणि मोना त्यांच्यासमोर माझं पुस्तक धरून उकिडवी बसलीय. दुधाच्या धारा चरवीत वाजताहेत. ह्यांना घाम फुटलाय. वाचताना जोडाक्षर आलं की थांबतात, ते थांबले की रंभाही थांबते.

"अरं वाच की उदयसिंह, थांबू नगंस!" गणपतराव ओरडले. "माझा ग्लास अर्धाच भरलाय!"

"शब्द तर बघाल का न्हाय, पावणं?" हे चिडून म्हणाले. "अन... भि... संधित! घ्या!"

धार परत सुरू झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मोनानं नंतर सगळं सांगितलं. रंभेनं आज पुन्हा पान्हा चोरला. पेंड झाली, रेडकू झालं, काही उपयोग नाही. गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली. मोना म्हणाली, "पप्पा, मम्मी वाचते ते पाहिजे तिला." तिला म्हणे हे दोन तारखेपासून कळलं होतं. गाडीवर घरी जाऊन पुस्तक आणलं आणि तिनंच वाचायला सुरुवात केली. रंभेनं कानसुद्धा हलवला नाही. मोना वाचते ते बातम्या दिल्यासारखं, भरभर. मग हे म्हणाले, "तुझी आई असं वाचत न्हाय. पुस्तक हिकडं धर." आणि स्वतः सुरू झाले. तिसऱ्या ओळीला रंभा पान्हवली.

मी तिथंच उभी होते. घंटा, कुत्रा, लाळ. माझा आवाज, रंभा, दूध. दीड महिना रोज दोन वेळा मी स्वतःच्या हातानं तो प्रयोग केला होता, आणि पेपरात चिंच लिहून आले.

मला बघून ह्यांनी वाचायचं थांबवलं. रंभा थांबली. सगळी गर्दी माझ्याकडं बघायला लागली.

"कसा गेला?" ह्यांनी विचारलं.

"चांगला," मी म्हणाले. आणि मला तिथं कट्ट्यावर, सगळ्यांच्या देखत रडू आलं.

"रडाय काय झालं? बस हितं," म्हणून ते उठायला लागले.

मी म्हणाले, "न्हाय. तुम्हीच काढा. तुमचं बरं चाललंय."


२१ मे, बुधवार

सकाळी कट्ट्याशेजारच्या हॉटेलात तीन माणसांनी ह्यांना "प्रोफेसर" म्हणून हाक मारली. वाटलं, चिडतील. घरी येऊन आरशात बघून मिशा सारख्या करत होते.

त्रिशला मॅडमना फोन करून चिंचेचं सांगितलं. त्या खूप हसल्या. म्हणाल्या चिंचेलाही मार्क मिळतात.


२५ मे, रविवार

रंभेची सवय मोडायची ठरवलं. पुस्तकात ह्याला विलोपन म्हणतात. रोज थोडं कमी वाचायचं, मग नुसतं गुणगुणायचं, मग बंद. हे म्हणाले, "एकदम तोडू नगंस. मुकं जनावर हाय." सकाळची धार मी, बिनवाचनाची. संध्याकाळी कट्ट्यावर मात्र गिऱ्हाईकच ऐकत नाही. गणपतरावांनी काल "ते न्यूनगंडाचं वाचा" म्हणून फर्माईश केली. ह्यांनी वाचलं. एकदाही न अडखळता. माझ्याकडं बघितलं नाही.


२८ जून, शनिवार

निकाल लागला. सुटले! मोनानं मोबाईलवर दाखवलं, पहिल्यांदा दुसऱ्याच कुणाचा तरी नंबर बघितला म्हणून दोघींच्या काळजाचं पाणी झालं, मग सापडलं. फार मोठे मार्क नाहीत, पण आहेत. मॅडमनी फोनवर आरडाओरडा केला. मोना पेढे आणायला पळाली.

ह्यांना सांगितलं. मला वाटलं काहीतरी म्हणतील. "बरं झालं," म्हणाले आणि गोठ्यात गेले. एवढंच. आनंदसुद्धा धड दाखवत नाही हा माणूस. भावनांची अभिव्यक्ती, प्रकरण सातवं, ह्यांच्यासाठी कुणी लिहिलंच नाही.

थोड्या वेळानं चहा घेऊन मागं गेले. दारातच थांबले.

रंभेची धार केव्हाच झाली होती. चरवी झाकून बाजूला ठेवली होती, रेडकू दूध पिऊन आडवं झालं होतं. गेले दोन आठवडे तर तिला वाचन लागतही नाही, सवय सुटलीय. हे मात्र बसले होते. पुस्तक मांडीवर, बोट ओळीवर. व्यक्तिमत्त्वाचं प्रकरण, जे परीक्षेला नव्हतं म्हणून मी कधी उघडलंच नाही. हळूहळू वाचत होते, मधेच मान वर करून रंभेकडं बघत होते, ती रवंथ करत होती.

एका ठिकाणी अडले. ओळ परत वाचली. आणखी एकदा. डोकं खाजवलं.

"ह्ये काय मला बी कळलं न्हाय," रंभेला म्हणाले. "ऱ्हाऊ दे. रातच्याला मॅडमना इचारू."

मला वाटलं, त्रिशला मॅडमचा नंबर ह्यांच्याकडं कुठून आला? कप हातात घेऊन थोडा वेळ तिथंच विचार करत उभी राहिले.

मग कळलं, रात्री घरात असणारी मॅडम कोण. तशीच मागं फिरले आणि स्वयंपाकघरात जाऊन ते प्रकरण त्यांच्या आधी वाचून ठेवायला दुसरं पुस्तक कुठं मिळेल ते मोनाला विचारलं.